पंखावरच्या गाठी

नातीनं आज नखांना रंग लावला आणि त्या वासानं मला आमच्या जुन्या शेडमध्ये नेलं. मालक, म्हणजे नातीचे आजोबा, तिथं स्वतःच्या हातानं विमान बांधत होते. आधी आखूड पडलेले पंख लांब केल्यावर पंखांवरचं नवं कापड मी शिवलं होतं, दर दोन बोटांवर गाठ मारून. त्यावर लावलेल्या लेपाला असाच वास होता.

पहिल्या उड्डाणाआधी विमा कंपनीचे साहेब बघायला आले. मालक हौसेनं म्हणाले, “हिनंच शिवलंय की सगळं. विचारा तिला.”

“बाई, प्रत्येक टाक्याला गाठ मारलीय?”

साहेबांच्या हातात कागद होता. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकीचं बोलले तर मालकांचं हसं होईल, म्हणून मी पदर सावरत म्हणाले, “मला न्हाय ठावं.”

“जिनं शिवलं तिलाच माहीत नाही? कापड काढा. माझ्यासमोर परत शिवा, मग विम्याचं बघू.”

साहेब गेल्यावर मालक टाके कापायला ब्लेड घेऊन बसले. मला रागावले नाहीत. कापता कापता म्हणाले, “बघ की, एक बी गाठ सुटंना.”

कौतुकच होतं ते; पण प्रत्येक गाठ माहीत असून मी ‘न्हाय ठावं’ म्हणाले होते. तेव्हा खाली गेलेली मान आज नातीसमोर पुन्हा खाली गेली.