रंगूबाईंच्या पेशी

विट्याची रुमाना शिकलगार सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागून सहा वर्षं झाली. पगार वेळेवर, घर जवळ, विद्यार्थिनी जीव लावतात. तरी एकदा मेढ्याला जाऊन यायचं होतं, ते मात्र ती गेल्या दिवाळीपर्यंत टाळत आली होती.

त्याआधी अकरा वर्षं ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरवर काम करत होती. आधी पीएच.डी., मग एकामागून एक प्रकल्प. प्रकल्प संपला की नोकरीही संपायची. विट्यात कुलपं-चाव्यांचं दुकान चालवणारे तिचे अब्बा फोनवर एवढंच विचारायचे, “यंदा तरी कायम केलं का?”

त्याच काळात मेढ्याच्या रंगूबाई ऑपरेशनसाठी पुण्याला आल्या. जन्मभर मिश्री लावलेली, गालाच्या आत गाठ. त्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी द्याल का, हे विचारायला रुमाना त्यांच्या कॉटपाशी गेली.

“तुकड्याचं काय करशील गं?” रंगूबाईंनी विचारलं.

“त्यातल्या पेशी बशीत वाढवीन, आजी. तगल्या तर वर्षानुवर्षं वाढत राहतील. नवी औषधं आधी त्यांच्यावर करून बघता येतील.”

“म्हंजे मी मेल्यावरबी माजं कायतरी जित्तं ऱ्हाणार,” म्हणत रंगूबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

बहुतेक गाठींच्या पेशी आठवड्याभरात मरतात. रंगूबाईंच्या तगल्या. ईदच्या दिवशीसुद्धा रुमाना दुपारी येऊन बशांमधलं पोषणद्रव बदलून गेली होती. दोन वर्षांत तिच्या लक्षात आलं, की नेहमीच्या औषधाला या पेशी दादच देत नाहीत. का देत नाहीत, ते शोधायचं होतं. तेवढ्यात प्रकल्प संपला आणि सांगलीची ऑर्डर आली. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

पेशींच्या चौदा कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत ठेवायला हव्यात, हे तिला पक्कं माहीत होतं. कागदपत्रांना दोन-तीन दिवस लागले असते. मे महिन्यात येऊन करू, असं म्हणून ती निघाली. दर आठवड्याला नायट्रोजन भरावा, अशी चिठ्ठी तेवढी टाकीवर चिकटवली.

तिच्या जागी कुणी आलंच नाही. मे महिन्यात ती गेली, तेव्हा नायट्रोजन उडून जाऊन टाकी कोरडी पडली होती. तरी तिनं चौदाही कुप्या बशांमध्ये ओतल्या, दहा दिवस पुण्यात राहून रोज पाहिल्या. एकही पेशी जगली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती अखेर मेढ्याला गेली. रंगूबाई कधीच वारल्या होत्या. त्यांची लेक चंद्राबाई दारात भात पाखडत होती. रुमानानं ओळख सांगताच तिनं सूप बाजूला ठेवलं.

“तुमीच व्हय त्या? आई समद्यांस्नी सांगायची, माजा तुकडा पुण्याला नांदतोय म्हणून. लय कवतिक तिला.”

रुमानानं चहा होईपर्यंत धीर धरला. मग म्हणाली, “मावशी, तो तुकडा आता राहिला नाही. मी घाईनं नोकरीवर गेले, मागं नीट सोय लावली नाही. माझ्यामुळं गेला.”

चंद्राबाईनं कप खाली ठेवला.

“आन ह्ये सांगाय तुमी हितवर आलासा?”

“आधीच यायला हवं होतं.”

“व्हय,” चंद्राबाई म्हणाली. “याय पायजे हुतं. गल्लीतल्या बाया अजून इचारत्यात मला. त्यास्नी आता काय सांगू?”

चहा निवून गेला.

सांगलीला परतल्यावर तिनं जुन्या वह्या काढल्या, त्या दोन वर्षांतल्या नोंदी महिनाभर बसून नीट लिहून काढल्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या आपल्या जुन्या सरांना पाठवल्या. सरांचं उत्तर आपुलकीचं होतं. निरीक्षण मोलाचं आहे, पण पेशीच नसतील तर ते कुणाला पडताळून पाहता येणार नाही, असं त्यांनी कळवलं.

त्यांचं बरोबर होतं. तिनं सरांना पुन्हा लिहिलं नाही.