नावेतली एकच जागा

अगं, फोन कानाजवळ धर अन् नीट ऐक, लातूरच्या आजीला दोनदा भेटून आलीस म्हणे, अन् या नांदेडच्या आजीची वाट विसरलीस का गं? आज गाड्यावर स्ट्रॉबेरीचा आंबटगोड वास आला अन् मला महाबळेश्वर आठवलं. तू बारकी होतीस, तुझ्या बापानं आम्हा दोघी आज्यांना सोबत नेलं होतं. सकाळी धुक्यात डोंगर बघितले, भाजलेली कणसं खाल्ली अन् मग तळ्यावर गेलो. नावेत तुझ्याजवळ एकाच आजीला जागा होती. मी पडले मुलीची आई, वरमाईला मान द्यायची आपली रीत, म्हणून मी म्हणलं, "विहीणबाई, आधी तुम्ही बसा." मला वाटलं, ती "न्हाई न्हाई, तुम्हीच बसा" म्हणेल. तर ती पदर खोचून बसली की! तू तिच्या मांडीवर बसून, तिच्या हातानं स्ट्रॉबेरी खात, लालेलाल तोंडानं मला टाटा करत होतीस, अन् मी काठावर साऱ्यांच्या पिशव्या राखत जळत बसले होते. परत आल्यावर ती म्हणली, "चला विहीणबाई, आता तुम्ही." मी फुगून म्हणलं, "मला पाण्याचं भ्याव वाटतं." तिनं ते बी खरं मानलं, अन् तुला घेऊन अजून एक चक्कर मारून आली! आता आम्ही दोघी बी थकलो, पण तू तिच्याकडं गेलीस की मी आजबी तशीच जळते. म्हणून सांगते, पुण्याहून येताना गाडी लातूरला थांबली तर थांबू दे. तू उतरू नको, सरळ इकडं ये, अन् लवकर ये.