एकांतासाठी दोर मागू नये

मी लातूरला स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये नीतिशास्त्र शिकवतो. म्हणजे चांगलं काय, वाईट काय, कर्तव्य कुठे संपतं आणि स्वार्थ कुठे सुरू होतो, हे दाटीवाटीने बसलेल्या पोरांना पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून सांगतो. पेपरात एक पेचाची गोष्ट देतात आणि त्यातल्या अधिकाऱ्याने काय करावं ते पोरांनी लिहायचं असतं. माझी पोरं ते बिनचूक लिहितात. या दिवाळीत तशीच एक गोष्ट माझ्याच घरात निघाली आणि मला एक ओळ सुचेना. तेव्हा मी शहाण्या माणसासारखा निर्णय घेतला, की निसर्गाच्या सान्निध्यात जाऊन एकांतात चिंतन करायचं.

गोष्ट अशी. वडील गेल्यापासून आई चाकूरजवळच्या आमच्या शेतातल्या घरात एकटी राहते. गाव चालत जाण्याइतकं जवळ, पण हाक ऐकू जाणार नाही इतकं लांब. पुण्याच्या थोरल्या भावाचं म्हणणं, दोन पोरं असताना आई रानात एकटी, लोक तोंडात शेण घालतील. दिवाळी झाली की तिला लातूरला माझ्या फ्लॅटवर आणायचं. त्याने टेम्पोसुद्धा सांगून टाकला होता. आई यायला तयार नव्हती. तिला तयार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण नीतिशास्त्र मी शिकवतो. तिला मनाविरुद्ध आणायचं की रानात एकटी राहू द्यायची, याचा निकाल मला सुट्टी संपायच्या आत लावायचा होता.

एकांत कुठे मिळतो याची मी मोबाइलवर भरपूर चौकशी केली. हिमालयातल्या एकांताला गटाने नेतात आणि सकाळी सगळ्यांना एकत्र गप्प बसवतात, असं कळलं. शेवटी एक मित्र धावून आला. तो किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे आणि जंगलातल्या गावात त्याची भाड्याची खोली आहे, सुट्टीत रिकामी. मी तत्त्वज्ञानाची चार जाड पुस्तकं भरली आणि ऑनलाइन मागवलेला कापडी झोपाळा घेतला. तो दोन झाडांना बांधून त्यात पडून विचार करायचा असतो. जाहिरातीतला माणूस तसंच करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती.

लातूरहून नांदेडची एसटी सकाळी लवकरची धरा, उन्हाच्या आत पोहोचता. रस्ता आता चांगला झाला आहे. वाटेत चाकूर लागतं. आमच्या शेताचा फाटा खिडकीच्याच बाजूला आला आणि गेला. मी उतरलो नाही. आईविषयी खोल विचार करायला निघालेल्या माणसाने मध्येच आईला भेटून कसं चालेल? अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांची असते, गरम आणि शेंगदाणे भरपूर असलेली बघून घ्या.

नांदेडहून किनवटला बसही जाते, पण मी रेल्वे धरली. गाडी उशिरा आली, याला बातमी म्हणता येत नाही. भोकर मागे पडलं की सपाट रान सरतं, साग दिसायला लागतो. समोरच्या बाकावर सीताफळांची पाटी घेतलेले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कुठं चालले?"

"किनवटच्या पुढे. जंगलात."

"कोन हाय तिथं?"

"कोणी नाही."

"मंग काहून चालले?"

"कोणी नाही म्हणूनच चाललोय."

आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक सीताफळ माझ्या हातात ठेवलं आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "घरून भांडून निघालं दिसतं." उरलेला डबा मला माझ्या बायकोशी समजुतीने वागायला सांगत राहिला.

किनवटला काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असं चालकाला सहसा वाटत नाही. गावात पोहोचलो तेव्हा घरमालकीण शेवंताबाई दारातच उभ्या होत्या. त्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. सुट्टी असल्यामुळे घरी होत्या आणि रिकाम्या होत्या, हे माझं दुर्दैव. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मला काही नको, फक्त शांतता हवी, कोणी आलं-गेलं नाही तरी चालेल. त्या "हाव", म्हणजे हो, म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपाळा काढला. गावामागे तळं आहे, तळ्याकाठी मोहाची मोठी झाडं. जागा अशी, की कुणालाही तत्त्वज्ञ व्हावंसं वाटावं. पण झोपाळ्यासोबत आलेल्या दोऱ्या मोहाच्या बुंध्याला पुरेनात. मी परत येऊन शेवंताबाईंना म्हणालो, "मावशी, एखादा मजबूत दोर आहे का? माणसाचं वजन पेलेल असा."

"काहून?"

"तळ्याजवळच्या झाडाला बांधायचाय. आणि जरा वेळ तिकडे कोणाला येऊ देऊ नका."

वाचकहो, हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, हसतमुखाने म्हणालो. शेवंताबाई "पाहते" एवढंच बोलून आत गेल्या. दोर आला नाही. त्यांचे दीर गणपतदादा आले आणि माझ्या शेजारी, मोहाखाली, मांडी घालून बसले. मी पुस्तक उघडलं. दादांनी विड्याचं पान उघडलं. मी कर्तव्यावरचं प्रकरण वाचायला लागलो, त्यांनी त्यांच्या म्हशीचं बाळंतपण सांगायला घेतलं. जेवणाच्या वेळी दादा उठले, तर त्यांच्या जागी दुसरे एक गृहस्थ येऊन बसले. दुपारी दोन बायका निवडायची तूर घेऊन आल्या. मी दुसऱ्या झाडाखाली गेलो, तर तूरही उठून माझ्यामागे आली.

मला वाटलं, काय हे आदरातिथ्य, काय हा छळ. अंघोळीला विहिरीवर गेलो तर दोर-बादली जागेवर नाही. खोलीतली भाजी चिरायची सुरी शेवंताबाई धार लावायला घेऊन गेल्या, ती परत आली नाही. जेवण त्याच वाढायच्या, आंबाडीची भाजी आणि गरम भाकरी, आणि शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. "आनखी दोन दिस ऱ्हा. चार लोकांत बसा. मन लागते," असं रोज सांगायच्या. मी एकांतासाठी आलो होतो आणि उभ्या आयुष्यात एवढा माणसांत राहिलो नव्हतो. लातूरच्या क्लासमध्ये निदान मधली सुट्टी तरी असते.

शेवटी माझा संयम सुटला. नीतिशास्त्राचा माणूस असूनही मी आवाज चढवला. "मावशी, मला एकटं का सोडत नाही तुम्ही? मी काय लहान पोर आहे?"

शेवंताबाई खाली बसल्या. "सर, आमच्या इथं एक गुरुजी व्हते," त्या म्हणाल्या. "चांगला मानूस. त्ये बी असंच म्हनले, मावशी, मले शांतता पायजे. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे बापा, शिकलेला मानूस हाय. दार लावून घेतलं मी." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आन तुमी तं दोरच मांगतला."

मी पळत जाऊन झोपाळा आणला आणि सगळ्यांसमोर उलगडला. गणपतदादांनी कापड उलटसुलट करून पाहिलं. "हा लेकराचा पाळना हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोठ्या माणसांचा आहे, यात पडून विचार करतात. त्यावर सगळे इतके हसले, की तूर निवडणाऱ्या बाईचं सूप सांडलं. मीही हसलो, पण मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं. चिंतनाच्या नावाखाली मी एका जिवंत माणसाला केवढ्या घोरात टाकलं होतं.

तरीही शेवंताबाईंची पूर्ण खात्री पटली नव्हती. "आईले फोन लावा, माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. पाण्याच्या टाकीपाशी रेंज येते, दुसरीकडे शोधू नका. फोन लावून त्यांच्याकडे दिला. त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून आईचं हसू मला तीन हातांवर ऐकू आलं.

"त्याला काय धाड भरली," आई म्हणाली. "त्याला एकटं ऱ्हाताच येत न्हाई, बाई. लहानपनी रानात परसाकडं जाताना भावाला उभं करायचा. तुमी बिनघोर ऱ्हावा. सोडा त्याला एकटं, बगा काय करतोय ते."

शेवंताबाईंनी आईचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगळा गाव जीपमध्ये कोंबून गेला आणि मला, अखेर, अगदी फुकट, हवा होता तो एकांत मिळाला. झोपाळ्याला दोरही मिळाला. तळं, साग, वर निळं आभाळ, पाखरांखेरीज कशाचा आवाज नाही. मी झोपाळ्यात पडून पुस्तक छातीवर ठेवलं. थोडा वेळ बरं वाटलं. मग मोबाइल पाहिला. रेंज नाही हे ठाऊक असून पुन्हा पाहिला. मग डोक्यात भाऊ बोलायला लागला, मग क्लासचे मालक, मग वडील. वडिलांचा आवाज मला ऐकवेना. उठलो, खोलीत गेलो, परत आलो, एका कुत्र्याशी बोललो. दुपार टळायच्या आत मी जीप थांबते त्या फाट्यावर जाऊन दगडावर बसलो होतो आणि बाजारातून माणसं कधी येतात याची वाट पाहत होतो.

तिथे, त्या दगडावर, मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की आई हे रोज कसं करते. ती एकटी आहे म्हणून बिचारी आहे, हे आम्ही दोघा भावांनी परस्पर ठरवलं होतं. मला एकटं राहता येत नाही, म्हणून तिलाही येत नसणार, एवढंच आमचं तत्त्वज्ञान होतं.

परतीला चाकूरला उतरलो. आई ओट्यावर बसून हरभऱ्याचं बी पाखडत होती. मी आल्याचा तिला आनंद झाला, पण हातातलं सूप तिने खाली ठेवलं नाही. मी विचारलं, "आई, लातूरला का येत नाहीस? खरं सांग."

"तुमी रागवाल."

"नाही रागवत."

"लगीन झाल्यापसून कुनाला तरी इचारून चूल पेटवली बग," आई म्हणाली. "आधी सासूला, मग तुज्या बापाला. त्यो चांगला व्हता, पर इचारावं लागायचं. मग तुमाला काय आवडतंय, काय न्हाई. आता मला भूक लागली की पेटवते. कवा कवा धा वाजता, कवा चार वाजता. लई झ्याक वाटतंय. यात वाईट काय हाय, तू शिकवतोस न्हवं?"

मला वडिलांची आठवण आली आणि बरंच वाईट वाटलं. तिला एकटीला बरं वाटतं हे ऐकून थोडा रागही आला, ते खोटं कशाला बोलू. "पण एखाद्या दिवशी काही झालं तर?" मी विचारलं.

"तर हुईल. फ्लॅटात व्हत न्हाई का? दिस निघाला की दूधवाला येतोय. दिसले न्हाई तर त्यो गावात सांगंल. आन रोज रोज फोन करू नगंस, मदीच काम सोडून उठावं लागतंय."

लातूरला पोहोचून मी टेम्पो रद्द केला आणि भावाला फोन लावला. तो खूप बोलला. लोक काय म्हणतील ते बोलला, आणि वडील असते तर काय म्हणाले असते तेही. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" त्याने शेवटी विचारलं. "मी," म्हणालो. आयुष्यात नीतिशास्त्राचं एवढं लहान उत्तर मी कधी दिलं नव्हतं, आणि एवढा घाबरलोही नव्हतो. ती भीती अजून गेलेली नाही.

किनवटला जरूर जा. दिवाळीनंतर सीताफळं मिळतात, तळं सुंदर आहे, माणसं तुम्हाला एकटं सोडणार नाहीत. माझ्याकडून म्हणाल, तर मी आईला आता एक दिवसाआड फोन करतो. ती दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलते, मजेत असते, कामात असते. मधला दिवस मला जाता जात नाही.