आत्याला माइक देणारा

रत्नागिरीत चुलतबहिणीच्या हळदीला मंडणगडहून आलेला तो डीजे मी एकदाच पाहिला. चाळिशीचा असेल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मुंबईत रॅप करणाऱ्या पोरांना त्याने बरीच वर्षं ठेके बनवून दिले होते. होडीचं इंजिन, पाट्यावरचं वाटण, कसलाही आवाज तो गाण्यात बसवायचा म्हणे. बोलण्याआधी दोन बोटांनी टेबलावर हलकेच ताल धरायची त्याला सवय होती.

गाणी सुरू झाली तशी माझी सत्तरीची आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मेल्या, आवाज कमी कर. म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे?"

त्याने लगेच आवाज कमी केला आणि माइक पुढे धरला. "काकू, हेच परत म्हणाल? रागावतानासुद्धा तुमची मात्रा चुकत नाही."

आत्या आणखी चिडली आणि तेच माइकमध्ये दुप्पट जोरात म्हणाली.

थोड्याच वेळात "म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे" ठेक्यावर घुमू लागलं आणि सगळा मांडव नाचायला उठला. आत्या कमरेवर हात ठेवून ऐकत होती. घरात तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

"बंद करू?" त्याने अदबीने विचारलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "पण 'मेल्या' का गाळलंस?"