घड्याळ, पट्टा, पाकीट आणि गोळ्या

मी तिरसट आहे हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत टीबीच्या गोळ्या मी देते, आणि कुणी एक दिवस चुकवला की घरच्यांसमोर त्याची खरडपट्टी काढते. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते. एका रुग्णाच्या गोळ्या मीच बंद पाडल्या.

तो तिशीतला रंगारी. कुठल्याशा मारामारीत सापडून तुरुंगात गेला, तिथेच टीबी निघाला, दोन महिने उपचार झाले आणि अचानक जामीन मिळाला. तुरुंगातलं कार्ड त्याने माझ्यासमोर ठेवलं. पत्त्याच्या रकान्यात तुरुंगाचाच पत्ता होता. आमच्याकडे गोळ्या पत्त्यावरून मिळतात. दुसऱ्या विभागातला रुग्ण बदलीच्या कागदाशिवाय घ्यायचा नाही. मी कार्ड परत सरकवलं.

"तुमच्या गोळ्या या पत्त्यावर मिळतील."

"म्हणजे परत आत जाऊ का, ताई?"

मागे रांग लागली होती. "बदलीचा कागद आणा," मी म्हणाले आणि तो गेला.

दुपारी डबा उघडला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालपर्यंत जिथे कोंडलं होतं त्या दारात कागद मागायला कोण जाईल? मी डबा तसाच झाकला. उपचार अर्धवट सोडले की आजार उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही, हे मीच रोज सगळ्यांना ऐकवते. त्याचा फोन नंबर नव्हता. कांजूरमार्गला आईकडे राहतो आणि काम शोधत इकडे फिरतोय, एवढंच तो बोलला होता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या सहीने गोळ्या काढून दिल्या. आता माणूस शोधायचा होता. तुरुंगातून सुटलेला किंवा टीबी झालेला म्हणून विचारलं असतं तर वस्तीत त्याची वाट लागली असती. मग मी कांजूरमार्गच्या रंगाच्या दुकानांमध्ये निरोप ठेवला, की घर रंगवायचंय, रिकामा असलेला रंगारी पाठवा. माझी एक खोली आणि एक मोरी. आठवड्याभरात तीन रंगारी भिंती मोजून गेले.

"अगं, राजवाडा घेतलायस की काय?" नवऱ्याने विचारलं.

चौथा तो होता. दारात मला पाहिलं आणि तसाच जिन्याकडे वळला.

"चुकले मी," मी मागून म्हणाले. माफी मागायची सवय नाही, त्यामुळे तीही रागावल्यासारखीच निघाली. "गोळ्या आणून ठेवल्यात. आधी आत ये."

तो आला. चहा घेताना त्याने सुटकेच्या दिवसाचं सांगितलं. "घड्याळ, पट्टा, पाकीट, सगळं पिशवीत भरून परत दिलं, सही घेतली. गोळ्या तेवढ्या आतल्या दवाखान्यात राहिल्या."

हे ऐकून मी सरळ बसले. सामानाची पिशवी घेतल्याशिवाय कुणीच सुटत नसेल, तर गोळ्या त्या पिशवीतच का ठेवत नाहीत?

पुढच्या महिन्यात टीबी विभागाच्या बैठकीत, जिथे आम्ही आरोग्यसेविका मागे बसून नुसत्या माना हलवतो, तिथे मी उभी राहिले. तुरुंगातला टीबी कुठल्या खात्याचा, यावरच अर्धा तास गेला. माणूस सुटून आईच्या शेजारी झोपतो, त्याचं कुणाला काही नव्हतं. एक साहेब म्हणाले, "गोळ्या सरकारी आहेत, बाई. कैद्याची मालमत्ता नाही."

"मग आजारसुद्धा सरकारने ठेवून घ्यावा," मी म्हणाले.

माझ्या शेजारणीने पदर ओढला. पण तुरुंगातले डॉक्टर समोरच बसले होते, ते हळूच म्हणाले, "त्या बरोबर बोलतायत. रुग्ण सुटला हे मला दुसऱ्या दिवशी खाट रिकामी दिसली की कळतं."

तिथून पुढे आम्ही दोघांनी मिळून पत्रं लिहिली. दोनदा परत आली, एकदा हरवली, आणि मी प्रत्येक वेळी साहेबांच्या दारात जाऊन बसले. त्या काळात रंगाऱ्याने एकही गोळी चुकवली नाही. शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा त्याची आई पेढे घेऊन आली आणि मला मिठी मारून रडली. मीही रडले, आणि ते कुणाला दिसलं तरी चालेल असं वाटलं.

आदेश त्यानंतर निघाला. टीबीच्या कैद्याच्या सामानाच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या आणि घरच्या पत्त्याचा बदलीचा कागद, उपचाराच्या पहिल्या दिवसापासून तयार.

काही आठवड्यांनी एक अनोळखी माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहिला. पट्टा अजून खांद्यावरच्या पिशवीतच होता, पँट एका हाताने धरलेली. दुसऱ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट त्याने माझ्यासमोर ठेवलं, त्यात एक गोळी कमी होती.

"आत्ताच सुटलो, ताई," तो म्हणाला. "आजची घेऊनच आलोय."