विकायची घाई नसलेले चाचा

भोरच्या बाजारपेठेत चाचांचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं हाच यांचा खरा धंदा आहे की काय, असं वाटावं इतकी माणसं तिथून रिकाम्या हातानं जायची. कुणी आत येऊन "कॉम्प्युटर दाखवा" म्हटलं की चाचा चष्मा कपाळावर सरकवायचे, स्टुलाकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "बसा. आधी काम सांगा. मशीन कुटं पळून चाललंय व्हय?" मुलाच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या एका सरांना त्यांनी "तुमचं मोबाईलवर भागतंय की" असं सांगून उठवलं होतं. सरांनी तो अपमान समजून गावभर सांगितला. झालं उलटंच, दुकानात गर्दी वाढली.

मी गेले तेव्हा मला थांबायला अजिबात वेळ नव्हता. लग्नाआधी मी पुण्यात एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत होते. पासलीसारख्या डोंगरातल्या गावातली पोर पुण्यात असलं काम करते याचं माझ्या वडिलांना भारी कौतुक होतं. लग्न होऊन मार्गासनीला आले, मुलगी झाली, रोजची जा-ये जमेना आणि नोकरी सुटली. दोन वर्षांनी ओळखीच्या एका शूटिंगवाल्यानं निरोप धाडला की तुळशीच्या लग्नाच्या आत घरी मशीन बसवलंस तर हंगामाचं काम तुझं, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो. नवऱ्यानं नव्या गाडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाला, "एकदाच घ्यायचंय, बघून घे." म्हणजे चुकीचं घेतलं की पैसे गेले, काम गेलं आणि परत मागायला तोंडही उरलं नाही.

माझ्या भावानं मोबाईलवर एक लॅपटॉप पसंत केला होता. त्याच्या बटणांखाली रंगीत दिवे लागायचे. तो फोटो मी चाचांना दाखवला आणि असाच पण जरा स्वस्तात द्या म्हटलं. चाचांनी फोटो नीट बघितला.

"ह्यो घेऊन तू हिंडणार कुटं?"

"कुटं न्हाई. घरीच बसून काम करायचंय."

"मग लॅपटॉप कशाला? त्याच पैशात दुप्पट ताकदीचं टेबलावरचं मशीन बसतंय. बिघडलं तर उघडून दुरुस्त बी करता येतंय. घरी लाईट किती येळ जाती?"

"उनाळ्यात लई जाती."

"सासूबाई काय म्हणत्यात?"

सासूबाईंचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, असं मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं. चाचा शांतपणे म्हणाले, "मशीन त्यांच्या घरात बसणार. त्यांना बसू द्यायचं नसंल तर लई भारी घिऊन बी उपेग न्हाई." त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही. "तुजं सगळ्यात जड काम पेनड्राइव्हवर घेऊन ये," एवढं सांगून परत पाठवलं. एसटीत मी भोरपासून घरापर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले. बाई म्हणून आपल्याला हलक्यात घेतलं, असं मला पक्कं वाटत होतं.

पुढं कळलं की ते सगळ्यांचीच अशी परीक्षा घ्यायचे, म्हणजे माणसाची नाही, मशीनची. मी माझ्या जुन्या कामातलं एक लग्न घेऊन गेले. चाचांनी मला ओळीनं चार मशीनवर बसवलं, प्रत्येकावर अर्धा दिवस. मी काम करायचे आणि ते मधूनच येऊन आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात मशीनच्या डब्याला लावायचे. पहिलं मशीन तासाभरात तापलं. दुसऱ्यावर चित्र अडखळायला लागलं. तिसरं दिसायला सगळ्यात झकास होतं, त्याच्या पंख्याला निळा दिवा होता, आणि मला तेच हवं होतं. चाचा म्हणाले, "दिव्याचे पैशे रॅमवर घाल. दिव्याकडं बगून कोण एडिटिंग करतंय?"

शेवटी ठरलं ते कुठल्याशा ऑफिसातून उतरलेलं एक काळं, चौकोनी, अगदीच बेरूप मशीन. चाचांनी त्यात रॅम वाढवली, काम भराभर उघडावं म्हणून नवी एसएसडी घातली, जुनं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि लाईट गेली तर काम सेव्ह करण्यापुरता दम धरणारा यूपीएस दिला. एवढ्यावरही मोठं फुटेज जड जाईल म्हणून आधी त्याची हलकी नक्कल करायची, काटछाट त्या नकलेवर करायची आणि शेवटी मूळ चित्र जोडायचं, हे त्यांनी मला बसवून शिकवलं. पुण्याच्या स्टुडिओत मशीन इतकी भारी होती की ही युक्ती करायची कधी वेळच आली नव्हती.

स्क्रीन मात्र त्यांनी जुना घेऊ दिला नाही. "डोळ्याची वस्तू जुनी घिऊ नये," म्हणाले. त्यांच्या टेबलाच्या खणात एक हळकुंड आणि दोन हिरव्या बांगड्या होत्या. स्क्रीनवर हळदीचा फोटो लावायचा, शेजारी हळकुंड धरायचं आणि दोन्ही पिवळे जुळतात का ते बघायचं, हिरव्यासाठी बांगड्या, ही त्यांची पद्धत. दोन स्क्रीन त्यांनी नापास केले. "ह्यात नवरीला कावीळ झाल्यागत दिसतीया," एवढाच शेरा.

हार्डडिस्क त्यांनी एवढी मोठी घातली की मीच विचारलं, "चाचा, एवढी कशाला?"

चाचा दुकान काढायच्या आधी तीस वर्षं या भागातली लग्नं शूट करत होते. हातातला पाना खाली ठेवून ते माझ्यासमोर बसले. "दोन गोष्टी ध्यानात ठेव, पोरी. नाच कापला तरी चालंल, पंगत कापली तरी चालंल. फेटा बांधतानाचा एक बी पाव्हणा कापायचा न्हाई. आन लगीन लागून वरीस हुईस्तवर मूळचं फुटेज पुसायचं न्हाई."

मी मान डोलावली. यांचा जमाना कॅसेटचा, हल्ली कोण एवढं बघत बसतंय, असं मनात म्हणाले.

डबा घरी आला. सासूबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारून "ह्यापरीस टीव्ही बरा हुता" असा निकाल दिला. मी त्यांना त्यावर कीर्तन लावून दिलं, तेव्हापासून डब्यावर पदरानं धूळ पुसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

हंगामातलं पहिलंच लग्न सारोळ्याचं मिळालं. मी जीव ओतून काम केलं. मानाचे फेटे बांधण्याचा वीस मिनिटांचा भाग मला फारच रटाळ वाटला. एकेक माणूस पुढं येतोय, खुर्चीवर बसतोय, फेटा बांधून घेतोय, हात जोडतोय. मी तो गाण्यावर दीड मिनिटात बसवला आणि स्वतःवरच खूश झाले.

व्हिडिओ दिल्यावर आठ दिवसांनी शूटिंगवाल्याचा फोन आला. "सारोळ्याची मंडळी लई तापल्यात. एक तर हे निस्तर, न्हाईतर आपलं काम हितंच थांबलं." नवरदेवाचे थोरले चुलते, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दहा वर्षं भावाच्या दारात आले नव्हते. शेताच्या बांधावरून बोलणं बंद होतं. या लग्नात धाकट्या भावानं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं त्यांना फेटा बांधला होता. आणि व्हिडिओत आप्पा कुठंच नव्हते. मुद्दाम काढले, असा आप्पांचा समज झाला आणि ते पुन्हा घरी जाऊन बसले.

मी रडत भोरला गेले. चाचांनी एकच विचारलं, "मूळचं हाय न्हवं?"

"हाय."

"मग रडती कशाला?"

मी व्हिडिओत सगळे पाहुणे परत घातले आणि दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याबरोबर एसटीनं सारोळ्याला आले. त्यांच्या दुकानाला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. धाकट्या भावानं हातापाया पडून आप्पांना बोलावून आणलं होतं, पण ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. आम्हाला बसा म्हणायच्या आधी चाचा उभ्यानंच म्हणाले, "चूक माजी हाय. हिला कामाला म्या लावलं. फेट्याचं सांगायचं म्याच इसरलो. वय झालं आता."

मी फरशीकडं बघत राहिले. तोंड उघडलं नाही.

टीव्हीवर ती वीस मिनिटं लागली. धाकटा भाऊ फेट्याला पीळ देत होता आणि आप्पा खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळानं आप्पा भिंतीकडून वळून बसले आणि म्हणाले, "तेवढं परत लाव." मला जो भाग रटाळ वाटला होता तो त्या घरानं तीनदा पाहिला.

परतताना एसटीत मी बोलायला चार वेळा शब्द जुळवले. चाचा मात्र त्या टीव्हीवरच घसरले होते. "हळद केवढी लाल दिसत हुती. रंगाचं सेटिंग कुनी केलंय कुणास ठावं." त्या प्रसंगाचा विषय त्यांनी पुढं कधीच काढला नाही. मी काढायला हवा होता. दर वेळी दुकानात गेले की आज बोलू म्हणायचे आणि पंख्याबद्दल, केबलबद्दल विचारून घरी यायचे.

त्या डब्यावर माझे सहा हंगाम गेले. काम वाढलं, मुलगी शाळेत जायला लागली, नवऱ्याची गाडीही आली. गेल्या पावसाळ्यात चाचा थोड्या आजाराचं निमित्त होऊन गेले. मला कळेपर्यंत दोन दिवस उलटले होते. चाचींना भेटून आले, त्यांच्याजवळ बसून रडले, पण जे बोलायचं होतं ते चाचींशी बोलून भागणारं नव्हतं. चाचांनी मला सांगितलं होतं. पाना खाली ठेवून, समोर बसून, नीट सांगितलं होतं. आणि मी एका भल्या माणसाला माझ्यासाठी विसरभोळा होऊ दिलं.

या हंगामात आप्पांच्या नातीचं लग्न होतं आणि काम माझ्याकडंच आलं. पेनड्राइव्ह द्यायला मी मुद्दाम स्वतः गेले. आप्पा ओसरीवर एकटेच होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की त्या वेळी चाचा विसरले नव्हते, त्यांनी मला बजावलं होतं, मीच ऐकलं नाही.

आप्पांनी मला बसायला सांगितलं. "माज्या तिन्ही पोरींच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं. कुटल्या पाव्हण्याचा मान कवा, ते आमच्यापरीस त्यांना ठावं. त्यो मानूस फेट्याचं सांगायचं इसरंल व्हय? आमाला तवाच कळलं हुतं, पोरी."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"तुजं काम ऱ्हावं म्हणून एवढा मोठा मानूस माज्याम्होरं उभ्यानं खोटं बोलत हुता. त्यांच्या तोंडावर ते मोडायचं कसं?" आप्पा म्हणाले. "म्हणून तर भिंतीकडचं तोंड म्या तुमच्याकडं वळवलं."