मामा गप झाले तेव्हा

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वॉर्डात एक मामा ॲडमिट होते. पन्हाळ्याकडचे, दुधाचा धंदा. धार काढताना म्हशीनं पोटात लाथ घातलेली. तपासणीत फारसं काही निघालं नव्हतं, पण आत रक्तस्राव कधी सुरू होईल सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

आम्ही कसलं लक्ष ठेवतोय! मामांनीच अख्ख्या वॉर्डावर लक्ष ठेवलं होतं. "ए पोरी, ह्यो चहा हाय व्हय? आमची म्हस धुतल्यालं पाणी ह्यापरास दाट असतंय की!" पंख्याला शिव्या, गादीला शिव्या. नाडी बघायला गेलं की, "बघ, बघ, हाय अजून जित्ता!" डोकं उठवलं होतं नुसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गेले, तर सगळं शांत. मामी मला बघून हसल्या. "सकाळधरनं गप हाईत. देव पावला बघा!" शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं तर वर बघून हात जोडले. मीही मनात म्हटलं, सुटले बाई!

नाडीसाठी मामांचा हात धरला. "मामा, पोट काय म्हणतंय?"

"बरं हाय, ताई. डावा खांदा जरा दुखतोय. ऱ्हाऊ द्या, तुमास्नी तरास नको."

ताई? तुमास्नी? ह्या माणसानं काल मला एकदासुद्धा सरळ हाक मारली नव्हती! हात गार, घामानं ओला. नाडी नुसती पळत होती. ओठ पांढरे पडलेले. आणि लाथ बसली पोटात, मग खांदा का दुखतोय?

धावत सिस्टरांकडे गेले. "सिस्टर, मामा शिव्या देत नाहीत!" घाबरून तोंडातून एवढंच निघालं. त्या हसतील असं वाटलं, पण त्या ताडकन उठल्या. बीपी घेतलं, ते घसरलेलं. डॉक्टर पळत आले. पोटात रक्त साठलं की कधीकधी खांदा दुखतो, हे त्यांनी मला नंतर समजावलं. तेव्हा फक्त ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती, आणि मागून पळणाऱ्या मामी. "अवं, कायतरी बोला की!" मला रडू फुटत होतं आणि त्या मेल्या म्हशीचा असा राग येत होता, की काय सांगू.

आत डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली होती. ऑपरेशन झालं, आणि काही दिवसांनी मामा आयसीयूतून परत वॉर्डात आले. डोळे मिटून पडले होते. मी हळूच नाडी धरली, तसा एक डोळा उघडला.

"हात हाय का बर्फ? जरा चोळून तरी येत जा की गं!"

आवाज पार दारापर्यंत गेला. शेजारचा पेशंट उठून बसला. मी सवयीनं म्हणाले, "मामा, हळू जरा."

मामींनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. "नगो," त्या म्हणाल्या, "वरडू द्या त्यास्नी. दिसभर वरडू द्या."